संगहवत्थूंच्या कसोटीवर महाराजा सयाजीराव गायकवाड

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजरस्ता खानदेशाच्या मधोमध जातो. मालेगाव, धुळे, सोनगीर, शिरपूर अशी गावे मागे टाकून तो सातपुडा ओलांडतो आणि पुढे नर्मदा उतरून, विंध्य चढून महूला पोहोचतो. या रस्त्याच्या दक्षिण अंगाला, मालेगावपासून सुमारे वीस किलोमीटरवर कवळाणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड या शेतकऱ्याच्या घरी गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. याच रस्त्याच्या उत्तर अंगाला, महूच्या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म झाला. गोपाळ पुढे बडोद्याचे महाराजा सयाजीराव झाले. या दोघांच्या आयुष्याची गाठ जिथे पडली आणि जिथे ती सुटली, ती दोन्ही ठिकाणे आपल्या चळवळीच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहेत. किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सोनगीर या दोन गावांच्या दरम्यान येते. म्हणून खानदेशातील वाचकांना समोर ठेवून आम्ही हा विषय मांडीत आहोत.

अभ्यासवर्गांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. राजेशाही हा विषमतेचाच एक प्रकार असताना समतेची चळवळ एखाद्या राजाचे स्मरण का करते? याला दोन प्रकारची उत्तरे सर्रास दिली जातात. काही जण सयाजीरावांना बाबासाहेबांचे आश्रयदाते म्हणून वंदन करतात व तेथेच थांबतात. दुसरे म्हणतात की बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, तेव्हा त्या राज्याचे गुणगान कशाला? आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. राज्यकर्त्याचे मोजमाप करण्यासाठी तथागतांच्या उपदेशात एक निश्चित माप सापडते. ते लावून पाहिले असता दोन्ही घटनांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

कसोटी कोणती?

पालि तिपिटकात अनेक ठिकाणी चार संगहवत्थूंचा उल्लेख येतो. ‘संगह’ म्हणजे एकत्र धरून ठेवणे, जोडणे. समाज ज्यांच्या आधारे एकत्र राहतो, त्या चार गोष्टी अशा: दान, पेय्यवज्ज म्हणजे प्रिय व हितकर वाणी, अत्थचरिया म्हणजे दुसऱ्याच्या कल्याणाचे आचरण, आणि समानत्तता म्हणजे समानतेने वागणे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला हा उपदेश केलेला आहे. अंगुत्तरनिकायात आळवीच्या हत्थक उपासकाची कथा आहे. आपल्याभोवतीचा मोठा जनसमुदाय आपण याच चार गोष्टींनी जोडून ठेवला, असे तो भगवंतांना सांगतो. रथाच्या चाकाला आरीची खीळ जशी धरून ठेवते, तशा या गोष्टी जगाला धरून ठेवतात, असा दृष्टान्त तेथे येतो.

अंगुत्तरनिकायाच्या नवकनिपातात या चारींपैकी प्रत्येकाचे श्रेष्ठ रूप कोणते, हेही सांगितले आहे. दानांत धम्मदान श्रेष्ठ. ज्याला जाणण्याची इच्छा आहे व जो कान देऊन ऐकतो, त्याला पुनःपुन्हा धम्म सांगणे ही श्रेष्ठ पेय्यवज्ज. माणसाला श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा यांत स्थिर करणे ही श्रेष्ठ अत्थचरिया. समानत्ततेचा अर्थ अट्ठकथाकारांनी सुखदुःख समान असणे असा दिला आहे. दुसऱ्याचे सुखदुःख ते आपले सुखदुःख मानून त्याच्याबरोबर बसणे, उठणे, जेवणे, राहणे हे सारे या एका शब्दात येते. पहिल्या तीन गोष्टी वरून खाली देता येतात. चौथी मात्र वरून देता येत नाही, ती शेजारी उभे राहूनच पाळावी लागते. आमच्या विवेचनाचा सारा भर या भेदावर आहे.

दान: उपकार आणि व्यवस्था

मल्हारराव गायकवाड यांना ब्रिटिश सरकारने १८७५ साली पदच्युत केल्यावर खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी गोपाळला दत्तक घेतले. त्या वेळी बारा वर्षांच्या या मुलाला अक्षरओळख नव्हती. दिवाण सर टी. माधवराव यांच्या देखरेखीखाली आणि एलियट या शिक्षकाच्या हाताखाली त्याचे शिक्षण झाले. डिसेंबर १८८१ मध्ये त्याच्याकडे राज्याचे पूर्ण अधिकार आले. ज्याला स्वतःला बाराव्या वर्षापर्यंत पाटी लाभली नाही, त्याच्या पुढील कारभारात शाळेला मिळालेले स्थान लक्षात घेण्याजोगे आहे.

बाबासाहेबांना बडोद्याकडून मिळालेल्या साहाय्याचा तपशील अनेकांना माहीत आहे, तरी तो येथे नोंदवणे अगत्याचे आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी तरुण भीमरावांची महाराजांशी भेट घडवून आणली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी. ए. झाल्यावर ४ जून १९१३ रोजी बडोदा सरकारशी करार झाला. त्यानुसार तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करावयाची होती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

या दानाचे स्वरूप पाहावे. ते करारबद्ध आहे, त्याची रक्कम व मुदत ठरलेली आहे आणि त्याच्या बदल्यात मागितलेली सेवाही स्पष्ट आहे. घेणाऱ्याला याचक न ठरवता त्याला राज्याचा भावी अधिकारी मानून ते दिलेले आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राजाची गोष्ट आहे. त्याने निर्धनांना धन पुरवले नाही, त्यामुळे दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी जन्मली. मग पकडून आणलेल्या चोराला राजाने धन दिले, तर ते ऐकून इतरही चोरी करू लागले. शेवटी राजाने शस्त्र उचलले आणि हिंसा वाढतच गेली. या कथेचे मर्म असे की प्रसंगी सुचलेले दान अनर्थाला आवर घालू शकत नाही. याउलट कूटदन्त सुत्तातील महाविजित राजाला त्याचा पुरोहित सांगतो की शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्यावे, म्हणजे राज्यातील उपद्रव आपोआप शमतील. हे दान व्यवस्थेचे आहे. सयाजीरावांची शिष्यवृत्ती या दुसऱ्या प्रकारात मोडते.

पेय्यवज्ज: ग्रंथांच्या रूपाने वाणी

राजाची वाणी म्हणजे केवळ त्याची भाषणे नव्हेत. त्याने कोणते ग्रंथ लिहवून घेतले, कोणत्या विद्येला आधार दिला, यावरूनही ती ओळखावी लागते. आम्हा पालिच्या अभ्यासकांवर या बाबतीत बडोद्याचे ऋण विशेष आहे.

केळुसकरांनी मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. विद्यार्थिदशेत सत्कारप्रसंगी केळुसकरांनी ते आपणास भेट दिले, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. हे पुस्तक केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिले होते, हेही त्यांनी तेथेच सांगितले आहे. म्हणजे भीमरावांच्या हाती शिष्यवृत्ती पडण्याच्या काही वर्षे आधीच बडोद्याच्या ग्रंथमालेतून बुद्ध त्यांच्या हाती आला होता. शिष्यवृत्तीची आठवण सर्वांना असते, या पुस्तकाची मात्र थोड्यांनाच असते.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले कोसंबी बुद्धधर्माच्या शोधात नेपाळ, सिलोन व ब्रह्मदेश येथे गेले, भिक्खू झाले, पालि शिकले आणि पुढे कलकत्त्यात अध्यापन करू लागले. सयाजीरावांनी त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की त्यांनी महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे आणि दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्याच्या विद्यापीठातील याहून कितीतरी अधिक पगाराची जागा सोडून कोसंबी महाराष्ट्रात आले. बडोद्यातील त्यांच्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक तयार झाले. १९१२ पासून काही वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकवली आणि त्यांच्या शिष्यांतून पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान निर्माण झाले. सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला कलह होता, हा विचार कोसंबींनी मराठी वाचकांपुढे मांडला. बाबासाहेबांच्या ग्रंथातही गृहत्यागाची मांडणी याच दिशेने जाते.

तिसरे उदाहरण गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे. शान्तरक्षितांचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलांच्या पंजिकेसह १९२६ साली या मालेत प्रसिद्ध झाला. जन्मावरून श्रेष्ठत्व सांगणाऱ्या मतांचे व वेदप्रामाण्याचे तर्कशुद्ध खंडन करणारा हा थोर बौद्ध ग्रंथ एका हिंदू संस्थानाच्या खर्चाने छापला गेला, ही लहान गोष्ट नाही.

अत्थचरिया: कल्याणाला कायद्याचे रूप

सयाजीरावांनी १८८० च्या दशकात अस्पृश्यांसाठी सरकारी खर्चाने शाळा उघडल्या. त्या शाळांवर जायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना त्या कामासाठी आणण्यात आले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो कायदा सर्व राज्याला लागू झाला. मुलांबरोबर मुलींनाही तो लागू होता.

याचे महत्त्व खानदेशाच्या नकाशावर चटकन ध्यानात येते. नवापूरच्या पलीकडे सोनगड आहे. गायकवाड घराण्याच्या सत्तेचा आरंभ पिलाजीरावांच्या काळी या सोनगडापासूनच झाला. नावाच्या साम्यामुळे त्याची आपल्या सोनगीरशी गल्लत करू नये. सोनगड बडोद्याच्या अमलाखाली होते, तर सोनगीर १८१८ पासून ब्रिटिशांच्या. १९०६ साली सोनगडच्या मुलाचे शिक्षण, निदान कायद्याच्या दृष्टीने, राज्याचे कर्तव्य झाले होते. सोनगीरच्या मुलाबाबत सरकारवर असे कोणतेही बंधन नव्हते. मग तो मुलगा महारवाड्यातला असेल, तर शाळेच्या ओट्याखाली बसण्यापलीकडे त्याने काय अपेक्षा करावी?

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी बडोद्याचाच दाखला दिला. बडोद्यात एकूण लोकसंख्येच्या शेकडा ८.६ इतके लोक शाळेत होते, तर ब्रिटिश हिंदुस्थानात हे प्रमाण १.९ होते, हे त्यांनी दाखवले. विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात १९१८ चा पटेल कायदा झाला तोही नगरपालिकांपुरता. खेड्यांचा विचार १९२३ च्या कायद्यात झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती व्हावी लागली आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. अमरेलीपासून तेथवरचे अंतर शंभर वर्षांहून अधिक आहे.

शाळेत मिळालेली अक्षरे विसरली जाऊ नयेत म्हणून ग्रंथालयांची योजना झाली. १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभारण्यात आले. खेड्यापाड्यांतून पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती वाचनालये सुरू झाली. सामाजिक कायद्यांचीही एक मालिका दिसते: विधवाविवाहास मान्यता, १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, पुरोहितांनी परीक्षा दिली पाहिजे असे ठरवणारा १९१५ चा कायदा, १९३१ चा घटस्फोटाचा कायदा, आणि जातपंचायतींच्या जुलमाला आळा घालणारा १९३३ चा कायदा. पुरोहिताला वंशावरून अधिकार न देता ज्ञानाची परीक्षा लावणे, हा विचार बाबासाहेबांनी ‘जातिभेद निर्मूलन’ या निबंधात सुचवलेल्या उपायांच्या जवळ जाणारा आहे.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. अस्पृश्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. शिक्षण मिळाले, पण एका फळ्यासमोर सर्वांनी बसण्याचा प्रश्न बाजूला राहिला. तोच प्रश्न पुढे अधिक उग्र रूपाने समोर आला.

समानत्तता: जेथे राजाज्ञा थांबली

करारानुसार सेवा करण्यासाठी बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास गेले. त्यांना स्थानकावर घेण्यासाठी कोणी जावे अशी महाराजांची आज्ञा होती, असे चरित्रकार सांगतात. प्रत्यक्षात कोणी गेले नाही. राज्याच्या सचिवालयात त्यांना जागा होती, पण शहरात घर नव्हते. हिंदू खानावळीत प्रवेश मिळणे शक्य नव्हते, म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी तेथे आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी बजावले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांनी घरात ठेवून घेण्याचे टाळले. तेव्हा गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कामाठीबागेत बसून राहिले आणि रात्री मुंबईस परतले. ती बाग सयाजीरावांनीच लोकांसाठी केलेली होती. त्या ठिकाणाला आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखतात.

या प्रसंगाकडे संगहवत्थूंच्या दृष्टीने पाहावे. दान होते, शिष्यवृत्ती पूर्ण दिली गेली. पेय्यवज्ज होती, बुद्धचरित्र छापले गेले. अत्थचरिया होती, पद दिले गेले. चौथी मात्र राजाच्या खजिन्यात नव्हती. ती शिपायाच्या हातात, धर्मशाळेच्या दारात आणि मित्राच्या घरात असायला हवी होती. राजा सार्वजनिक बाग खुली करू शकला, कोणाच्या घराचे दार तो उघडू शकला नाही.

हे बडोद्यापुरतेच होते असे खानदेशाने समजू नये. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब धुळ्यास आले. एका गावात अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी त्यांना करावयाची होती. परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना आग्रहाने उतरवून घेतले. महारवाड्यात नेण्यासाठी टांगा ठरवला, पण टांगेवाला स्वतः टांगा हाकायला तयार होईना. भाडे घेऊन टांगा देण्यास त्याची हरकत नव्हती. पाहुण्याला पायी न्यायचे कसे, म्हणून वस्तीतल्याच एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बडोदा आणि चाळीसगाव हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी एकाच आत्मकथनपर लिखाणात सांगितले आहेत.

दोन्हींचे कूळ एकच आहे. बडोद्यात पद दिले, पण शेजार दिला नाही. चाळीसगावला टांगा दिला, पण टांगेवाला शेजारी बसला नाही. बडोद्यात राजा सुधारक होता, चाळीसगावला सत्ता ब्रिटिशांची होती आणि बाबासाहेब त्या सत्तेच्या समितीचे सदस्य होते. सत्ता बदलली तरी वागणूक बदलली नाही, कारण ती सत्तेच्या आधारावर उभी नव्हती. तिच्या मुळाशी मनातली विटाळाची कल्पना होती.

निष्कर्ष

यावरून कायदा निरुपयोगी आहे असे कोणी म्हणेल, तर तो बाबासाहेबांचे पुढचे सारे जीवनच नाकारील. त्यांनी कायदा अधिक पक्का केला. राजाच्या मर्जीवर असलेली गोष्ट त्यांनी राज्यघटनेच्या कलमात आणली. सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले व पुढे संस्थानेही विलीन झाली. एका राजाच्या आयुष्याशी बांधलेली सुधारणा त्याच्याबरोबर संपू शकते. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम कोणा राजाच्या आयुष्यावर अवलंबून नाही. पहिल्या तीन संगहवत्थूंना हे कायमचे रूप त्यांनी दिले. चौथीसाठी मात्र ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला तथागतांकडे गेले. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. त्यांतील बंधुता ही समानत्ततेचीच आधुनिक भाषेतील ओळख आहे, असे आम्हास वाटते.

सयाजीरावांचा गौरव आपण अवश्य करावा, पण तो या मापाने करावा. एका माणसाच्या हातून जेवढे व्हायचे तेवढे बहुतांशी त्यांनी केले. उरलेले काम सर्वांच्या हातचे आहे. त्यात आपलाही वाटा आहे, कारण पोटजातीची भिंत आपल्याही वस्त्यांतून पूर्णपणे गेलेली नाही. वराच्या व वधूच्या शोधात जोपर्यंत जुन्या जातीचे नाव विचारले जाते, तोपर्यंत टांगेवाल्याला दोष देण्याचा आपला अधिकार अपुरा आहे.

खानदेशातील विहारांना या निमित्ताने एक सुचवावेसे वाटते. बडोद्याच्या पुस्तकांच्या पेट्या जशा खेड्याखेड्यांत जात, तशी एक पेटी धुळ्याहून सोनगीर, शिरपूर, साक्री या बाजूंना फिरवता येईल. तीत केळुसकरांचे चरित्र असावे, कोसंबींची पुस्तके असावीत, बाबासाहेबांचा ग्रंथ असावा. आणि ती विहारात ठेवली तरी वाचायला गावातल्या सर्व आळ्यांतील मुलांना बोलवावे, एका चटईवर बसवावे.

भवतु सब्बमंगलं।